फुकटच्या एडिटरची तीन कोटेशनं

माझं अर्धं आयुष्य चाकणच्या एका कंपनीच्या परचेस डिपार्टमेंटमध्ये गेलं आहे. आमच्याकडे साधा झाडू घ्यायचा झाला तरी तीन कोटेशनं, एक तुलनातक्ता आणि वरिष्ठांच्या सह्या लागतात, आणि या पद्धतीचा मला मनापासून अभिमान आहे. त्यामुळे आमच्या बालाघाट परिसर रहिवासी मंडळाने वेबसाइटसाठी एक सोपासा टेक्स्ट एडिटर निवडायचं काम माझ्याकडे दिलं, तेव्हा काम अगदी योग्य माणसाकडे आलं असं मला वाटलं. हे फक्त मलाच वाटत होतं, हे पुढे कळलं.

मंडळ म्हणजे बीड-लातूरकडून नोकरीसाठी पिंपरी-चिंचवडला येऊन इथेच राहिलेल्या आमच्यासारख्यांचं. वर्षाकाठी एक स्नेहमेळावा, एक रक्तदान, आणि बारमाही वधू-वर सूचक केंद्र. केंद्राची वेबसाइट आहे आणि तिच्यावर प्रत्येक मुलामुलीचं एक पान आहे. पान चढवायचं म्हणजे आधी कुठल्या तरी एडिटरमध्ये मजकूर लिहायचा आणि तो उचलून साइटवर नेऊन चिकटवायचा. गेल्या वर्षी ज्याने त्याने आपापल्या आवडीच्या एडिटरमध्ये लिहून चिकटवलं. एका मुलीच्या काकांनी तिच्या माहितीभोवती वेलबुट्टीची चौकट काढली होती. ती साइटवर जाऊन एवढी फुगली की शेजारच्या पाच-सहा मुली तिच्याखाली दिसेनाशा झाल्या. एका मुलाचं शिक्षण उजव्या कोपऱ्यात लाल रंगात गेलं आणि त्याच्या अपेक्षा तळाशी इतक्या बारीक झाल्या की त्याला कसल्याच अपेक्षा नाहीत असा लोकांचा समज झाला. त्याला तेव्हा स्थळंही फार आली. शेवटी सभेत ठरलं की साइट नव्याने करायची, आणि तिचं उद्घाटन होण्याआधी सर्वांसाठी एकच एडिटर निवडून त्यातच लिहायचं.

इथपर्यंत हा मंडळाचा मामला होता. तो घरचा झाला वर्षालीमुळे. वर्षाली ही माझी भाची, माझ्या थोरल्या बहिणीची, मंजुळाताईची मुलगी. दाजी गेल्यापासून तिच्या लग्नाचं बघायचं माझ्याकडेच आहे. एका रविवारी ती पिंपळे सौदागरला आमच्याकडे आली, मिनलच्या हातची थालीपिठं खाल्ली आणि बशी पुसतपुसत म्हणाली, "मामा, एक सांगायचंय. आईला आत्ता सांगू नका."

मिनल म्हणजे माझी बायको. तिने लगेच गॅस बंद केला आणि येऊन बसली.

मुलाचं नाव दिग्विजय. वर्षालीच्याच कंपनीत टूलरूममध्ये, एकाच बसने जायचं, एकाच बसने यायचं. आपल्याच मंडळातला. राहायला कुरुळीला. इतकं सगळं जुळत असताना अडचण एकच होती आणि ती म्हणजे मुलाचे वडील. रंगरावांना सगळं मंडळ घाबरून असतं. मागच्या मेळाव्यात त्यांनी माइक हातात घेऊन जाहीर केलं होतं, "कंपनीत जमलेली लग्नं मला जमत न्हाईत. माझ्या पोराचं लग्न मंडळातूनच करणार, साइटवर बघून करणार!" आता अंबाजोगाईचं एक स्थळ त्यांच्या मागे लागलं होतं. रंगरावांनी त्यांना सांगून ठेवलं होतं की उद्घाटनाच्या दिवशी मंडळाची साइट बघतो, तिथे मनासारखी मुलगी मिळाली नाही तर तुमचं पक्कं.

"म्हणजे मी त्यांना साइटवर दिसायला पाहिजे," वर्षाली म्हणाली. "पहिल्यांदाच बघतायत असं त्यांना वाटलं पाहिजे. तेवढं पान वेळेत चढवा, मामा. आणि त्यात कंपनीचं नाव नको. नुसतं खासगी नोकरी लिहा."

"एवढंच ना?" मी म्हणालो. "आधी एडिटर निवडतो, मग पहिलं पान तुझंच."

"निवडायचं काय त्यात? कॉम्प्युटरमध्ये तो साधा पांढरा एडिटर असतो की. त्यात काहीच नाही, म्हणून काही बिघडतही नाही."

मी हसलो. पोरीला काय कळणार! जी वस्तू आधीच घरात आहे ती निवडली असं समितीपुढे कोणत्या तोंडाने सांगायचं? मी वही घेतली आणि तुलनातक्त्याचे रकाने आखले.

बातमी सोसायटीत पसरायला वेळ लागला नाही. वरच्या मजल्यावरचा ज्ञानेश हिंजवडीला आयटीत आहे. तो स्वतः खाली आला. "काका, प्रोफेशनल लोक एकच एडिटर वापरतात," असं म्हणून त्याने आमच्या जुन्या डेस्कटॉपवर एक काळाकुट्ट पडदा आणून ठेवला. "यात माउसला हात लावायचा नाही. एकदा सवय झाली की दुसरं काही नको वाटतं." एवढं बोलून तो ऑफिसला गेला. मी एक अक्षर दाबलं तर पडदा खाली पळाला. दुसरं दाबलं तर ओळ गायब झाली. तिसऱ्याला कॉम्प्युटरने टुण्ण असा आवाज केला. निवड राहू दे, निदान बाहेर पडावं म्हटलं तर दारच सापडेना. ज्ञानेशला फोन लावला तर तो मीटिंगमध्ये. त्याने मेसेजवर काही चिन्हं पाठवली, ती मी टाइप केली, आणि तीही निमूटपणे पडद्यावर उमटली. शेवटी मिनलने येऊन भिंतीवरचं बटण बंद केलं. एडिटर बंद झाला. त्याच बोर्डावर टीव्ही होता, तोही बंद झाला, आणि नेमकी तिची मालिका रंगात आली होती. त्यानंतरचं बोलणं एडिटरविषयी नव्हतं.

संध्याकाळी ज्ञानेशने विचारलं, "काका, जमलं का?" मी म्हणालो, विचाराधीन आहे.

दुसरा उमेदवार आणला खुद्द मंडळाचे अध्यक्ष लक्ष्मणरावांनी. तो भारदस्त होता. फॉन्ट, रंग, सावल्या, चौकटी, वर गणपतीची सोय. "गणपती कुठं बसतो ते आधी बघा. बाकी मजकूर काय, कुठंही बसतो," ते म्हणाले. या एडिटरमध्ये एक शब्द सगळीकडे एका दणक्यात बदलायचं बटण होतं. लक्ष्मणरावांनी सुचवलं की आपलं नाव जिथे जिथे आहे तिथे आधी 'मा. श्री.' लागावं. मी बटण दाबलं. लागलं. मग चिटणीसांनी घरी जाऊन, आपलीही सेवा रुजू व्हावी म्हणून, पुन्हा दाबलं. मग लक्ष्मणरावांनी स्वतः, खात्री करून घेण्यासाठी. उद्घाटनाचं निमंत्रण तयार झालं ते 'मा. श्री. मा. श्री. मा. श्री. लक्ष्मणराव' यांच्या नावाने. मी घाबरत घाबरत त्यांना दाखवलं. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचलं आणि म्हणाले, "जरा जास्त झालंय. पण असू द्या."

तरीही मी नेटाने तक्ता पुरा केला आणि सभेत ठेवला. तिथे खजिनदार शालनबाई बसल्या होत्या. शालनबाईंनी मंडळाचे हिशेब असे ठेवलेत की ऑडिटर त्यांच्याकडे शिकायला येतो. त्यांनी तक्ता वरून खाली पाहिला आणि विचारलं, "कोटेशनं कुठायत?"

"शालनताई, हे सगळे एडिटर फुकट मिळतात."

"मग फुकटची तीन कोटेशनं आणा. मंडळासाठी काहीही घ्यायचं तर तीन कोटेशनं, असा नियमच आहे आपला. तुम्हीच तर सुचवला होता."

सुचवला होता खरा. माझ्याच हत्याराने माझाच गळा कापला जात होता, आणि व्यवसायबंधू म्हणून मला त्यांच्या मुद्द्यातलं काही खोडताही येत नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी आमच्या चौकातल्या विक्कीच्या कॉम्प्युटरच्या दुकानात गेलो.

"विक्की, शून्य रुपयाचं कोटेशन पाहिजे. लेटरहेडवर."

"कशाचं?"

"एडिटरचं. तो कॉम्प्युटरमध्ये असतो ना, तो."

"काका, तो असतोच की."

"असतो, पण तू तो देतोयस असं लिहून दे."

विक्कीने माझ्याकडे थोडा वेळ पाहिलं, दुकानातल्या गिऱ्हाइकाला खुर्ची सरकवून दिली आणि मला पाणी दिलं. त्याने कोटेशन दिलं, पण वर जीएसटी वेगळा असं लिहिलं. दुसऱ्या दुकानदाराने पुन्हा इकडे यायचं नाही असं सांगितलं. तिसऱ्याने दिलं, मात्र त्यासोबत एक प्रिंटर घ्यावा लागेल अशी अट घातली. शालनबाईंनी प्रिंटरची अट तांबड्या शाईने अधोरेखित करून सगळे कागद परत पाठवले.

इकडे उद्घाटन जवळ येत चाललं होतं आणि वर्षालीचे फोन वाढत चालले होते. "मामा, अंबाजोगाईवाल्यांनी मुलीचा फोटोपण पाठवलाय. दिग्विजयची आई म्हणते, सुंदर आहे." शेवटचं वाक्य सांगताना तिचा आवाज बारीक झाला. ताईने माझ्या भरवशावर पोरीचं लग्न सोपवलंय आणि मी लेटरहेड गोळा करत फिरतोय, याची मला लाज वाटली.

तरीसुद्धा पद्धत सोडायची नाही म्हणून मी मार्ग काढला. कंपनीत नवा सप्लायर आला की आधी एक नमुना मागवतात, तो पास झाल्यावर बाकीचा माल. नमुन्याला कोटेशन लागत नाही. मी तो साधा पांढरा एडिटर उघडला आणि नमुना म्हणून वर्षालीचं पान टाइप केलं. गणपती नाही, चौकट नाही, पांढऱ्यावर काळं. उचललं, साइटवर चिकटवलं, आणि पहिल्या झटक्यात बसलं. मी खुर्चीतून उठून मिनलला हाक मारली. तिने चहा टाकला, यावरून प्रसंगाचं मोल कळावं.

फक्त एक झालं. परचेसच्या माणसाला मोघम लिहिता येत नाही. वस्तूचा पूर्ण तपशील असल्याशिवाय आमचा हात कागदावरून उठत नाही. खासगी नोकरी एवढंच लिहायचं हे मी साफ विसरलो आणि कंपनीचं नाव, प्लांट, विभाग, पद, शिफ्ट पहिली, असं सगळं व्यवस्थित लिहून बसलो.

वर्षालीने ते पाहिलं शनिवारी. "मामा!" एवढंच ती म्हणाली. मी तडक साइट उघडली, तर पासवर्ड चालेना. लक्ष्मणरावांना फोन केला. ते म्हणाले, "अहो, तुमचा तक्ता संपेपर्यंत लोकांची लग्नं होऊन जायची. म्हणून मी सगळं काम खंडूला दिलं. परवाच तुम्हाला दाखवलं ना त्याने?"

दाखवलं होतं. खंडू म्हणजे काळेवाडीचा आमचा लग्नपत्रिका आणि फ्लेक्सवाला. मंडळातल्या सगळ्या मुलामुलींचे बायोडाटे त्याच्याकडे आधीच टाइप केलेले होते. त्याने ते चढवले आणि त्याच्या दुकानातल्या पडद्यावर मी स्वतः पान न् पान पाहिलं होतं. अक्षर असं सुरेख की पत्रिका छापून आल्यासारखी वाटावी. "तुमच्या भाचीचं झालेलंच आहे, ते राहू देतो," असं तो तेव्हा म्हणाला होता. पण पासवर्डही बदललाय हे काही तो बोलला नव्हता. मी काळेवाडी गाठली. शटर खाली, वर कागद चिकटवलेला: मेव्हण्याच्या लग्नानिमित्त देहू येथे. फोन बंद. देहूत लग्नाचे हॉल काय कमी आहेत? मी तीन मांडवांत डोकावलो, एका ठिकाणी मला मुलाकडचा समजून टोपी घातली, पण खंडू सापडला नाही.

रविवारी चिंचवडच्या हॉलमध्ये मोठा पडदा लावला होता. पहिल्या रांगेत रंगराव, शेजारी त्यांच्या पत्नी कस्तुराबाई, मागे दिग्विजय. दुसऱ्या बाजूला मंजुळाताई आणि वर्षाली. वर्षाली माझ्याकडे बघत नव्हती. लक्ष्मणरावांनी नारळ फोडला, भाषण केलं आणि रंगरावांना विनंती केली की पहिलं पान त्यांनी उघडावं.

रंगरावांनी बटण दाबलं. पडद्यावर इंग्रजी अक्षरं, कंस, टक्क्यांची चिन्हं, मधेच एक प्रश्नचिन्ह. रंगरावांनी दुसरं पान उघडलं. तेच. तिसरं. तेच. हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली.

"हे काय म्हणायचं?" रंगराव म्हणाले.

लक्ष्मणरावांनी माइक घेतला. "ही आपली आंतरराष्ट्रीय आवृत्ती आहे."

"दिग्या, वाच रं."

दिग्विजय उभा राहिला, पडद्याकडे पाहिलं आणि प्रामाणिकपणे म्हणाला, "वाचता येत नाही, आबा."

"मंग परदेशातल्याला तरी येतंय का!" रंगराव पुढची पानं उघडत सुटले. गडी हट्टी. लग्न साइटवर बघून करणार म्हटलं म्हणजे करणार. मी मनातल्या मनात देवाला म्हणत होतो की आता वीज जाऊ दे. आणि तेवढ्यात पडदा पांढरा झाला आणि त्यावर काळ्या, साध्या, सरळ अक्षरांत वर्षालीचं पान आलं.

रंगराव खुर्चीत पुढे सरकले आणि मोठ्याने वाचायला लागले. नाव वाचलं. जन्म, शिक्षण, मूळ गाव वाचलं. "मामा कोण? हे का?" म्हणून माझ्याकडे वळून बघितलं. मी नमस्कार केला. मग ते नोकरीवर आले आणि थांबले.

"ही तुझीच कंपनी की रं, दिग्या."

ताईला काहीच माहीत नव्हतं, ती आपली कौतुकाने पडद्याकडे बघत होती. वर्षालीने डोळे मिटून घेतले होते.

"वळखतोस का हिला?"

"मोठी कंपनी आहे, आबा," दिग्विजय म्हणाला. "बघितल्यासारखं वाटतंय."

रंगरावांनी पुन्हा वाचलं. प्लांट वाचला. शिफ्ट पहिली, हेही वाचलं. आयुष्यभर प्रेसशॉपमध्ये शिफ्टा केलेला माणूस तो. त्यांनी हिशेब केल्यासारखी मान हलवली. "बरंय की मंग. जायला-यायला एकच बस पडंल. सैपाकाच्या टायमाला दोघंबी घरी. आमच्यावेळी ही सेकंडला तर मी थर्डला, महिना महिना तोंड दिसत नसायचं." मग कस्तुराबाईंकडे वळून ते म्हणाले, "काय म्हणतीस? सगळी साइट बघितली. एवढीच मुलगी मराठीत हाय."

गेले कित्येक दिवस छातीवर ठेवलेलं ओझं कोणीतरी उचलून नेलं, आणि मला उगाचच सगळ्यांना चहा सांगावासा वाटला.

तेवढ्यात खंडू देहूहून लग्नातल्या फेट्यासकट आला आणि पडदा बघून मटकन बसला. उलगडा त्यानेच केला. त्याचा टायपिंगचा फॉन्ट जुना, छापखान्यातला. तो फक्त त्याच्या कॉम्प्युटरमध्ये आहे, म्हणून मराठी फक्त त्याच्या दुकानात दिसते. बाकी सगळ्या जगाला ती अशी. (ती सगळी पानं पुढच्या आठवड्यात आम्ही दोघांनी पांढऱ्या एडिटरमध्ये नव्याने टाइप केली आणि खंडूने त्याचे पैसे घेतले नाहीत, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं.) पण त्या क्षणी हॉलमध्ये ऐकतो कोण? रणजीत नावाचे एक गृहस्थ, ज्यांच्या पुतणीचं पान टक्क्यांनी भरलं होतं, माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"हे तुम्ही मुद्दाम केलंत, राव! आपल्या भाचीचं तेवढं नीट आणि बाकीच्यांचं वाटोळं!"

मला आधी राग आला. मग लक्षात आलं की मंडळाच्या इतिहासात प्रथमच कोणीतरी माझ्यावर एवढं कौशल्य असल्याचा आरोप करतंय. मी नुसतंच गंभीर तोंड करून बसलो.

"भांडणं मागून," रंगराव उठून म्हणाले. "आधी ते पान उतरवा."

"का?" लक्ष्मणरावांनी विचारलं.

"का म्हणजे? दुसऱ्या कुणी वाचलं म्हंजे? वाचता येणारी एकच हाय!"

खंडूने पासवर्ड टाकला आणि माझ्याकडे कीबोर्ड सरकवला. मी बटणावर बोट ठेवणार, एवढ्यात शालनबाई उभ्या राहिल्या. "थांबा. ठरावाशिवाय पान काढता येत नाही. सूचक लागतो, अनुमोदक लागतो."

"सूचक मी," रंगराव म्हणाले.

अनुमोदकासाठी शालनबाईंनी हॉलभर नजर फिरवली. कस्तुराबाई सगळा कार्यक्रमभर एक शब्द बोलल्या नव्हत्या. त्यांनी पदर सावरला, उठल्या, आधी मागे लेकाकडे पाहिलं, मग वर्षालीकडे पाहिलं, आणि म्हणाल्या, "अनुमोदक मी." दोघं एकाच बसने जातात-येतात तेव्हापासूनचं सगळं त्यांना माहीत असावं असं मला त्या क्षणी वाटलं, आणि अजूनही वाटतं.

"मुलीकडून कोण?" शालनबाईंनी विचारलं. हे नियमात नव्हतं, त्यांचं त्यांनीच घातलं होतं.

मंजुळाताई गडबडून उठली. "मुलगा बरा वाटतोय की रे," ती मला हळूच म्हणाली. वर्षालीने तिचा हात धरला होता. ताईने दुसरा हात वर केला.

"बाजूने असतील त्यांनी हात वर करा," लक्ष्मणराव माइकवरून म्हणाले. हॉलभर हात वर झाले. रणजीतरावांनीही कुरकुरत केला. पण सगळ्यांत आधी, लक्ष्मणरावांचं वाक्य पुरं व्हायच्याही आधी, दिग्विजयचा हात वर गेला होता. तो मंडळाचा सभासदही नव्हता. रंगरावांनी मागे वळून त्या हाताकडे पाहिलं आणि तोंड पुन्हा पडद्याकडे केलं.

शालनबाईंनी तो हातही मोजला.